पाव्हण्यांच्या अंगाला

"पाव्हनं कुन्या अंगाला हायेत?"

मैदानात पाऊल टाकताच आबांचा पहिला प्रश्न हा. कुणीतरी हात करून दाखवायचं. मग आबा खांद्यावरची घोंगडी झटकायचे, परगावच्या संघाच्या पाठीमागे अंथरायचे आणि मांडी घालून बसायचे. अर्ध्या वेळानंतर संघांनी बाजू बदलल्या की घोंगडी उचलून आबाही पलीकडे जायचे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेची ही गोष्ट. मी तेव्हा शेवगावात कॉलेजच्या पोरांना कबड्डी शिकवत होतो. सामन्याला माणसं यावीत म्हणून मी काय नाही केलं! फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं, प्राचार्यांच्या हातून नारळ फोडला, एकदा तर फुकट चहा ठेवला. चहा संपला तशी माणसं पांगली. रिकाम्या सतरंज्यांसमोर खेळणारी पोरं तुम्ही कधी पाहिली असतील, तर माझी गत तुम्हाला कळेल.

आबा जवळच्या वाडीचे, एका बैलजोडीचे शेतकरी. कॉलेजशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. एकदा बाजाराला आले, गलका ऐकून आत शिरले आणि पाहुण्यांची बाजू मोकळी दिसली म्हणून तिकडे जाऊन बसले. बसले ते असे ओरडले की श्रीगोंद्याकडून आलेला एक किडकिडीत पोरगा चढाईला निघता निघता दचकून मागेच बघायला लागला. "जा रं वाघा! आमी हावोत मागं!"

पुढच्या वेळी बघे वाढले. खेळ बघायला नव्हे, आबांना बघायला. बाजारातला एक कांद्याचा व्यापारी तर मुद्दाम चेष्टा करायला यायचा.

"आबा, भाकर हितली खायची आन् वरडायचं त्यांच्यासाटी?"

"तुमी हायेत की आपल्या पोरांसाटी. त्यांचं हितं कोन हाय?"

चेष्टा करणारे दोघे-तिघे मग तिथेच घोंगडीच्या कडेला टेकायचे. असं करता करता मैदान दोन्ही बाजूंनी भरायला लागलं. दोन्हीकडून आवाज उठला की खेळाला काय रंग चढतो, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझ्या चहाने जे झालं नाही ते एका घोंगडीने केलं होतं. मी थक्क व्हायचो, आजही होतो.

हे खूळ आलं कुठून, असं मी एकदा विचारलं. आबा तंबाखू मळता मळता सांगायला लागले.

"तरनेपनी लांबच्या एका जत्रंत कुस्तीला गेल्तो. एकलाच. त्यांचा पैलवान चीत केला. मास्तर, समदा फड भरल्याला, आन् एक टाळी न्हाई वाजली. कापडं घातली आन् चालत घरी आलो. जिकलो, आसं आजून वाटत न्हाई बगा."

पुढे आबांचा धाकटा मुलगा भागवत आमच्याच कॉलेजात आला आणि पहिल्याच वर्षी संघात शिरला. तिसगावकडच्या पोरांशी अंतिम सामना होता. भागवत सकाळपासून माझ्यामागे. "सर, आज तरी आबा आपल्या अंगाला बसत्याल ना?"

"बसतील रे!" मी छातीठोकपणे सांगितलं.

साऱ्या बाजारात त्याचीच चर्चा होती. कधी नव्हे इतकी माणसं लोटली. आबा आले. घोंगडी झटकली. भागवत मध्यरेषेवर उभा राहून बघत होता. आबांनी त्याच्याकडे बघितलं, जरा थांबले, आणि मग विचारलंच, "पाव्हनं कुन्या अंगाला हायेत?"

शेवटची चढाई भागवतची होती. "धरा रं त्याला!" हा आवाजही आबांचाच. भागवतला तिसगावच्या पोरांनी मध्यरेषा हातभर राहिली असताना दाबून धरला आणि आम्ही हरलो.

"साऱ्या जगाचा बाप झाला, माझा सोडून," एवढंच भागवत म्हणाला, आणि त्याने बापाशी बोलणं टाकलं. मलाही राग आला होता. मी आबांना गाठून तोंडावर म्हणालो, "एक दिवस पोराच्या मागं बसला असता तर काय बिघडलं असतं?"

आबांचा आवाज पार बसला होता, डोळे लाल.

"त्याच्या मागं समदा गाव हुता, मास्तर. आन् मागं बसून पोराची पाठ दिसती. समोरून त्वांड दिसतं. लई बगितलं मी आज त्याला."

हे मी भागवतला जसंच्या तसं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

त्या थंडीत आबा तापाने गेले. त्यानंतरच्या सामन्याला भागवत आला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे केस नुकते उगवत होते. काखेत घोंगडी होती. तो पाहुण्यांच्या मागे गेला, ती अंथरली, हाताने कड सारखी केली आणि परत येऊन आपल्या संघात उभा राहिला. पहिली चढाई त्याचीच. मान वर करून, थेट घोंगडीकडे बघत तो गेला. त्या दिवशीसारखा दम मी त्याचा कधी ऐकला नाही.

घोंगडीवर कुणी बसलं नाही. तिच्या भोवतीने मात्र माणसं दाटून बसली होती.

अर्धा वेळ झाला, बाजू बदलल्या. भागवत घोंगडी उचलायला पळाला. पण त्याच्या आधी तो कांद्याचा व्यापारी उठला होता. त्याने घोंगडी उचलली, झटकली, खांद्यावर टाकली आणि पलीकडे निघाला. सगळे बघे त्याच्यामागे चालायला लागले.