के. बू नावाची विदुषी

इंडोनेशियातल्या मलांगच्या शेतकी कॉलेजातला तुगिमान म्हणजे अदबीचा पुतळा. मोठ्या माणसाचं नाव नुसतं घ्यायचं तर त्याची जीभच अडखळायची. पुरुषाला ‘पाक’ नि बाईला ‘बू’ लावल्याशिवाय गडी पुढं सरकायचा नाही.

कॉलेजच्या संशोधन-नियतकालिकाचं काम त्याच्याकडं. प्रत्येक लेखाला तो कायमचा क्रमांक मिळवून देई. उद्या वेबसाइटचा पत्ता बदलो नाहीतर कॉलेजचं छप्पर उडो, क्रमांक टाकला की लेख हजर! त्याचा त्याला कोण अभिमान.

एक दिवस कसियाती बाई तणतणत आल्या. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, यांवर बाईंनी बारा वर्षं घातलेली.

“पाक तुगिमान, माझे सात लेख गेले कुठं? संशोधनाच्या जागतिक सूचीत माझं नावच नाही! महिनाअखेर बढतीची फाईल जाणार. लेख दिसले नाहीत तर प्रोफेसर न होताच निवृत्त होईन मी.”

“जातील कुठं, बू? हा क्रमांक दाबला, हा लेख उघडला!”

लेख उघडला खरा, पण त्याखाली लेखिका कोण? के. बू!

झालं होतं असं, की फॉर्मात आडनावाची चौकट सक्तीची. इथं निम्म्या लोकांना नाव एकच. रिकामं सोडणं बरं नव्हे म्हणून तुगिमाननं त्या चौकटीत आदरानं ‘बू’ लिहिलेलं. छापताना नावाचं नुसतं आद्याक्षर उरे, म्हणून ‘क’पासून नाव असलेली कॉलेजातली प्रत्येक बाई ‘के. बू’ झालेली. बाईंनी सूचीत ‘के. बू’ शोधलं, तर एकेचाळीस लेख!

“तेंपे, गाईची कास आणि ऑर्किडची फुलं! एवढी हुशार बाई कॉलेजात आहे नि मला पत्ता नाही?”

तुगिमानचा चेहरा उतरला. “क्रमांक कायमचा आहे हो, बू. मग चूकही कायमची?”

“क्रमांक कायमचा, मागची माहिती नव्हे. पत्ता बदलता येतो, तसं नावही. नावाच्या नि आडनावाच्या, दोन्ही चौकटींत ‘कसियाती’ लिहा.”

“नुसतं? बू न लावता? आणि तेही दोनदा?”

“दोनदा!”

आधी बाईंचे सात लेख त्यानं दुरुस्त केले, मग बाकीच्यांचे घेतले. बारा दिवसांनी बाई तळलेल्या तेंपेचा डबा घेऊन धावत आल्या. सूचीत सातही लेख झळकले होते, फाईल गेली होती. बघतात तो तुगिमान कीबोर्डापुढं वाकून उभा, तोंडानं “माफ करा, बू… माफ करा, पाक…” चाललेलं.

“खुर्ची मोडली की काय?”

“नाही बू. थोरामोठ्यांची नावं नुसती लिहायची, ती बसून कशी लिहू?”