फ्लॅट की राउंड

वाद्यांच्या दुकानात एक मुलगी बेस गिटारच्या तारांवरून अंगठा फिरवत होती. तारा दोन प्रकारच्या: फ्लॅटवाउंड गुळगुळीत, आवाज मऊ आणि दबका ठेवणाऱ्या. राउंडवाउंड खरबरीत, आवाज खणखणीत, बोट सरकलं तरी चुगली करतात. दुकानदार माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाला, "काका जाणकार आहेत, कुठल्या घ्यायच्या ते त्यांना विचार." जाणकार! मला त्या शब्दाचीच चीड आली.

आमच्या ऑर्केस्ट्रात मी सगळ्यांच्या पुढे ऐकू येणारी लीड गिटार वाजवायचो, विलास मागे बेस. लोक त्याच्याकडे बघू लागले, तेव्हा मी त्याला फ्लॅट तारा लावायला लावल्या. "जुन्या गाण्यांना हाच आवाज शोभतो," असं ज्ञानही पाजळलं. खोटं होतं. मला तो ऐकू यायला नको होता. शिवीने माणूस दबत नाही, असल्या गुळगुळीत सल्ल्याने दबतो.

एक दिवस तो म्हणाला, "तारा बदलल्या, आता बोटं कापून देऊ का?" आणि गेला. पुन्हा कुठे वाजवताना दिसला नाही. त्याला ताल जमत नव्हता, असं मी सगळ्यांना सांगत राहिलो.

मुलगी वाट बघत होती. मी तुसडेपणाने म्हणालो, "सल्ला देणारा स्वतः काय वाजवतो, ते आधी विचारावं."

"मग तुम्ही काय वाजवता, काका?"

"लीड."

तिने राउंडवाउंडचं पाकीट उचललं.