एकोणतीसचा गोल कंस

दामू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चहात खारी बुडवत होतो. निरोप ऐकला, खारी संपवली, दुसरीही खाल्ली. आता रडू येईल म्हणून वाट पाहिली… तीन आठवडे झाले, अजून आलेलं नाही.

मी पनवेलच्या शाळेत बीजगणित शिकवतो, ते दामूमुळे. कसं, हे सांगायला मला त्याच्या मरणाची वाट पाहावी लागली, इतका मी शूर!

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघं बारावीला होतो. तो हुशार, मी आदल्या वर्षीचा नापास. परीक्षेआधीच्या सुटीत त्याच्या घरच्या मिठागरावर अभ्यासाला जायचो. बांधावर बसून त्यानं एकदा उदाहरण घातलं: ३ ≤ २क्ष − ४७ < ११. मी तिन्हीकडे ४७ मिळवले, दोननं भागलं, २५ ≤ क्ष < २९ आणलं आणि ऐटीत उत्तर लिहिलं: [२५, २९].

“गाढवा, एकोणतीसला चौकोनी कंस? तो आत नाय. गोल घाल.”

“एका टोकानं काय आभाळ कोसळतंय?”

“या वाफ्यातलं पाणी बघ. खारटपणा पंचवीस डिग्री झाला की मीठ धरतं, म्हणून पंचवीस आत. एकोणतीसला कडू व्हतं, त्याच्या आधीच उरलेलं पाणी बाहेर सोडायचं. एकोणतीस बाहेर. समजलं?”

मी मान डोलावली. मान माझी फार छान डोलते.

पुढच्याच आठवड्यात तो आणि त्याचा बा त्याच्या चुलत बहिणीच्या हळदीला दोन दिवस परगावी गेले. “मी आहे ना!” म्हणत मी डिग्री मोजायची काचेची नळी हातात घेतली. पाणी अठ्ठावीसच्या पुढं गेलं तेव्हा वाटलं, थांबू, जरा जास्त मीठ पडेल. एकोणतीस नीट दिसल्यावर मगच पाणी सोडलं.

बानं परत येऊन चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि थुंकला. “कुनी नासवला वाफा?”

मी चपलांकडे बघत राहिलो.

“बा, मीच याला एकोणतीसपर्यंत थांब म्हनलो व्हतो,” दामू म्हणाला.

“मंग परीक्षा नाय नि काय नाय. नवं पानी भरायला हितंच ऱ्हा.”

तो राहिला. जन्मभर. मी पास झालो.

परवा त्याच्या घरी गेलो. त्याच्या मुलासमोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं, तो वाफा मी नासवला होता.

“म्हाईत हाय, काका. घरात सगल्यांना. बाबा सांगायचे, पन म्हनायचे, काकांपुढं हे काढू नका, ते मास्तर हायत.”

मी चहा घेतला. बराच गोड होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात असमानता होत्या. या धड्याला दरवर्षी मी मुलांना ‘माझ्या एका मित्राची’ फजिती सांगून हसवतो… वाफा, कडू मीठ, सगळं. यंदा म्हणालो, “ही चूक मी केली होती.”

मुलं हसली. दरवर्षीइतकीच.