ठोकळा कुठे लावायचा

लालबागच्या त्या गॅरेजात जुनी मोटार लिफ्टवर चढवायची वेळ आली, की भिवा सगळ्यांना बाहेर काढायचा. "जा, चहा मारून या," म्हणायचा. गॅरेजचे मालक हेमचंद्रशेठ गिरगावातले, शिकलेले, जुन्या मोटारींचे वेडे. तेसुद्धा निमूट बाहेर जायचे. आत राहायचा फक्त रामजी, तोही भिंतीकडे तोंड करून, बटणावर बोट ठेवून.

म्हाताऱ्याला काही मंत्रबिंत्र येतो, असं लोक म्हणत. मंत्र कसला आणि काय. साठ-सत्तर वर्षांची मोटार आजच्या गाडीसारखी कुठेही उचलता येत नाही. तिची खालची लोखंडी चौकट, म्हणजे चासी, कुठे शाबूत आहे आणि कुठे रंगाखाली कुजली आहे हे आधी शोधावं लागतं, आणि शाबूत जागीच लिफ्टच्या हातांवरचे लाकडी ठोकळे टेकवावे लागतात. भिवा हातोडीच्या दांड्याने चासी वाजवून बघायचा. टण्ण वाजली की पक्की, भद्द वाजली की कुजकी. मग स्वतः मोटारीत बसून ती वीतभर उचलायला लावायचा आणि दार उघडून-लावून बघायचा. दार अडलं तर चौकट वाकतेय, लगेच खाली. विद्या एवढीच. पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही मूठ त्याने उगाच झाकली नव्हती. गिरणीत तो साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, फिटर होता. ब्याऐंशीच्या संपाआधी दोन बदली कामगारांना त्याने हाताला धरून शिकवलं. साचा कुठे अडतो, कसा सोडवायचा, सगळं. संपात वर्षभर घरी बसला आणि परत गेटवर गेला, तर तेच दोघे आत साचे चालवत होते. गरज सरो, वैद्य मरो. कुणाला काही शिकवायचं नाही, असा त्याने त्या दिवशी निश्चय केला.

निश्चय त्यालाच महागात पडला. गॅरेजात आल्यापासूनच्या वीस वर्षांत तो गणपतीला गावी गेला नाही. बायको, बकुळा, एकटी जायची. आई गेली तेव्हाही तेराव्याला कसाबसा पोचला. "तुझ्याशिवाय इथलं पान हलत नाही," शेठ कौतुकाने म्हणायचे आणि भिवाचा जीव गुदमरायचा. त्यात आता उजवा कान पार गेला होता आणि डावाही त्याच वाटेवर होता. पंधरा वर्षं साच्यांच्या खडखडाटात काढल्यावर दुसरं काय होणार? पण सांगतो कुणाला. जो आवाजावर पोट भरतो, त्याने बहिरा झालो म्हणून दवंडी पिटायची का?

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात पस्तीस सालची एक विलायती मोटार आली. भिवाने वाजवली, टण्ण वाजली असं त्याला वाटलं. ठोकळे लावून तो आत बसला. "घे," म्हणाला, आणि वीतभर झाल्यावर "बस." पण बटण दाबलेलंच अडकून राहिलं. रामजीने धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर मोटार पुरुषभर वर गेली होती आणि मागून उजवीकडे कलली होती. भिवाने दार ढकललं, हललं नाही. पलीकडच्या दाराकडे सरकला तशी मोटारच डुलली. त्याची पाचावर धारण बसली आणि तो होता तिथेच थिजला.

चहा टाकून शेठ धावत आले. "लिफ्टचं तेल सोडून खाली घेऊ काय?" रामजी ओरडला.

"नको. हिसक्याने ठोकळा सुटेल," शेठ म्हणाले.

आधी मागून टेकू द्यायला हवा होता. तो नेमका कुठे द्यायचा हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस वर कोंडला होता. आणि तरीही भिवा दहा मिनिटं गप्प बसला. खरंच बसला. जिवावर बेतलं तरी मूठ सुटेना, इतका तो वीस वर्षांत आवळला गेला होता. मग मोटार आणखी बोटभर खचली.

"रामजी, हातोडी घे," तो म्हणाला. "खाली शिरू नको, बाजूने हात घाल. मागच्या चाकापुढे दोन पट्ट्या जुळतात, तिथे दांड्याने वाजव. कसं वाजतंय?"

चाळिशीतला, दोन मुलांचा बाप असलेला रामजी गॅरेजातल्या आठ वर्षांत पहिल्यांदाच चासी वाजवून बघत होता. "टण्ण," तो म्हणाला. मग आपणहून थोडं मागे वाजवून पुन्हा ओरडला, "काका, तुमच्या ठोकळ्यापाशी मात्र भद्द येतंय."

तिथे भिवाला टण्ण ऐकू आलं होतं. मोटारीपेक्षा तो त्या एका शब्दाला जास्त भ्याला.

टण्ण वाजलेल्या जागी उंच जॅक लावला. तो शेठनी धरला, तेल रामजीने सोडलं, आणि भिवा सांगेल तसं बोटबोट मोटार उतरली. चाकं टेकली तसं दार सैल झालं.

दुसऱ्या दिवशी भिवा आला, तेव्हा रामजी त्याच मोटारीला नव्याने ठोकळे लावून बसला होता. भिवाने आडवं होऊन चासी वाजवली. इथे तिथे सारखंच. काही कळेना. "मागचा दोन बोटं मागे घे," तो म्हणाला.

रामजीने एक शब्द न विचारता ठोकळा सरकवायला घेतला. दोन बोटं मागे म्हणजे कालची कुजकी जागा. हा माणूस आपल्या शब्दावर या मोटारीखाली उभा राहणार, हे भिवाच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

"थांब. होता तिथेच बरोबर होता."

"मग मागे का सांगितलंत?"

"भीती वाटली. तुला जमलं, आता माझं काय, म्हणून. आणि मला ऐकू येत नाही रे. उजव्याने काहीच नाही."

दारात ऐकत उभे असलेले शेठ काहीतरी बोलले. एरवी भिवा अंदाजाने मान डोलवायचा. आज त्याने रामजीलाच विचारलं, "काय म्हणाले?"

रामजीने आढेवेढे घेतले. "विचारतायत, मग आता काकांनी करायचं काय."

भिवाने चासीवर तळहात टेकला. "वाजव," म्हणाला. "हाताला कळतं का बघू."

रामजीने वाजवलं. "कळलं?"

"नाही," भिवा म्हणाला, पण हात काढला नाही. "अजून एकदा."