नैऋत्येचा डोंगर

डोंगरवाले तात्या घरात आले की पाणी नंतर, आधी खिशातून होकायंत्र. हॉलच्या मधोमध उभे राहून म्हणायचे, "आधी भिंत दावा, मग डोंगर." आमच्या बारामतीकडे जमीन तव्यासारखी सपाट, नजर जाईल तिथवर ऊस. म्हणून नवा बंगला झाला की भिंतीवर डोंगराचा पलंगाएवढा फोटो लावायची हौस, आणि ती तात्यांनीच पुरवली.

खरा धंदा लग्नाच्या फोटोंचा. तिथी संपल्या की कॅमेरा घेऊन स्कूटरवरून सह्याद्रीत जायचे. "नवरा-नवरीला हसा म्हणावं लागतं, डोंगराला काय बी सांगावं लागत न्हाय," म्हणायचे. लग्नातल्या फोटोंचं कौतुक केलं तर त्यांना फारसं काही वाटायचं नाही.

जळोचीला आमच्या घरीही त्यांनी एक डोंगर टांगला. गुडघे धरल्यापासून आई समोरच्या दिवाणावरच असायची. दहा वर्षं तिनं तोच डोंगर पाहिला. एक दिवस म्हणाली, "मला एकदा तितं ने. पाय चालत्यात तवर."

तात्यांना विचारलं. म्हणाले, "भोरच्या फुडं, घाट लागायच्या आधी चहाची टपरी हाय. तितं उबं ऱ्हावा. समोरच दिसंल."

गेलो. टपरी सापडली, डोंगरही होता. पण आई बराच वेळ बघून म्हणाली, "ह्यो न्हाय." मलाही पटेना. ओळखीच्या माणसाचा चुलतभाऊ दिसावा तसं वाटत होतं. पुढे गेलो, मागे आलो, दुसरी टपरी शोधली. आई रडकुंडीला आली.

मी मुळात फटकळ. घरी बोलावून तात्यांना म्हटलं, "दुसऱ्याचा फोटो विकलात तर तसं सांगायचं. म्हाताऱ्या माणसाला कशाला हिंडवलंत?" तात्या भिंतीपाशी गेले. फोटो न्याहाळला, होकायंत्र काढलं, परत ठेवलं. त्यांनाच काही कळेनासं झालं होतं. "मी तितंच उबा व्हतो, ताई," एवढंच बोलले, तेही फोटोकडे बघत.

पुन्हा ते आमच्याकडे आले नाहीत. गेल्या वर्षी वारले. दहाव्याला मी गेले, पण त्यांच्या माणसांशी काय बोलावं ते सुचेना. मी चुकले होते की ते, तेच मला ठरवता येत नव्हतं.

परवा रंगकाम काढलं म्हणून फ्रेम उतरवली. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं तात्यांचं अक्षर: 'जळोचीच्या वहिनी. उंच बाजू नैऋत्येला पाहिजे म्हणतात. डोंगर उलटा छापणे.'

आईला वाचून दाखवलं. तिनं पुठ्ठा हातात घेतला. मग म्हणाली, "अगं बाई, मीच म्हणले व्हते की." घर बांधताना वास्तू बघणाऱ्यानं तिच्या डोक्यात ते भरवलं होतं, आणि तात्यांनी तिच्या समाधानासाठी डाव्याचं उजवं करून दिलं. सांगणारी विसरली, करणारा विसरला. आणि जिला काहीच ठाऊक नव्हतं ती मी, त्यांना खोटं ठरवून मोकळी.

त्याच रविवारी निघालो. तीच टपरी. आईनं खुर्ची मागितली आणि डोंगराकडे पाठ करून बसली. मला वाटलं, थकली. तर तिनं पिशवीतून कुंकवाचा आरसा काढला, डोळ्यांसमोर धरला, जरा खालीवर केला.

"ह्योच," ती म्हणाली. "तात्या हितंच उबे व्हते."

तिनं आरसा माझ्या हातात दिला. पण माझे डोळे इतके भरून आले होते की मला काही डोंगर दिसला नाही.