पार्किंगमधलं पोतं

पुण्याजवळच्या मांजरी गावातला ऊस मोडून इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतल्याच एकीच्या नवव्या मजल्यावर बायडाबाई राहायला आल्या. जन्मभर चार बायकांत राबलेली बाई. मुलगा इंद्रजीत आणि सून पूर्णिमा सकाळी गाडीतून नोकरीला गेले, की घरात आवाज उरायचा तो फक्त फ्रीजचा. थोड्याच दिवसांत त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटू लागला. मग एके दिवशी त्यांनी पोतं काखोटीला मारलं, लिफ्टने खाली आल्या आणि पार्किंगमध्ये इंद्रजीतच्या गाडीच्या रिकाम्या जागेत ऐसपैस मांडी घालून मेथी निवडायला बसल्या.

बघता बघता तिथे बायका थबकू लागल्या. कोणी शेपूची जुडी पुढ्यात टाकायचं, कोणी सासूचं गाऱ्हाणं. बायडाबाई दोन्ही निवडून द्यायच्या.

सोसायटीचे सेक्रेटरी आमोद यांच्या डोळ्यांत हे खुपलं. दारातलं पायपुसणं तिरकं दिसलं तरी पाटी लावणारा हा माणूस.

"आजी, इथे बसायला परवानगी नाही."

"मनाई कुठं लिव्हलीय?"

"सगळंच लिहायचं नसतं. ही जागा गाडीसाठी आहे."

"गाडी कामाला गेलीय. ती आली की उठते. आन् सायेब, ज्याला मनाई न्हाय त्याला बी तुमाला इचारायचं, तर शिंकायच्या आधी अर्ज द्यावा लागंल."

आमोद निरुत्तर झाले, आणि निरुत्तर झालेला पुणेकर गप्प बसत नाही. नियम नाही ना, मग करू नियम. सभेची नोटीस लागली.

पूर्णिमा कावरीबावरी झाली. "आई, सोडून द्या ना. मला इथे रोज तोंड दाखवायचंय."

"मला बी दावायचंय, बाय. नवव्या मजल्यावर ते बघतंय कोण?"

सासूचा दिवस कसा जातो, हे पूर्णिमाच्या तोवर मनातही आलं नव्हतं.

रविवारी सभा भरली. सोसायटीला हॉल नाही, म्हणून नेहमीप्रमाणे गाड्या बाहेर काढून पार्किंगमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. बायडाबाई मागे, आपल्या पोत्यावर. आमोदनी खणखणीत आवाजात ठराव वाचला: पार्किंगच्या जागेत कोणीही, कोणत्याही कारणासाठी बसू नये. भराभर हात वर गेले. शेपू निवडून नेणाऱ्यांचेही गेले, फक्त माना खाली होत्या. बायडाबाईंना ते लागलं, चांगलंच लागलं. पण डोळ्यांत पाणी आणून चार लोकांना दाखवणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"झाला का ठराव?" त्यांनी विचारलं.

"झाला, आजी. आत्तापासून लागू."

"मग उठा की समदी."

एकाने अर्धवट उचललेलं बूड पुन्हा खुर्चीला टेकवलं. आमोद आधी आपल्या खुर्चीकडे बघत राहिले, मग हातातल्या कागदाकडे. सभेपुढे पाण्याच्या टँकरचा विषय अजून बाकी होता. उठली ती एकटी पूर्णिमा. खुर्ची सारून ती मागे गेली आणि सासूशेजारी पोत्यावर टेकली.

बाकी कोणी हललं नाही.

"मग मी बी बसते," बायडाबाई म्हणाल्या आणि पदराखालची मेथीची जुडी काढून सोडली.