मामाचा न्यायाधीश

माझा मामा एकतीस वर्षं कोर्टात शिपाई होता. दाराशी उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा. त्यामुळे आवाज असा कमावलेला, की घरात मीठ मागितलं तरी शेजारचे दचकायचे. हौशी नाटकांत या आवाजाने त्याला द्वारपालापलीकडे काही मिळू दिलं नाही. निवृत्तीला चार महिने उरले असताना ठरलेला नट पाय मोडून बसला, तेव्हा कुठे मामाच्या वाट्याला न्यायाधीश आला. पुरावा पूर्ण आहे पण मन मानत नाही, अशा पेचातला न्यायाधीश. शेवटी तो आरोपीला सात वर्षांची शिक्षा सुनावतो.

दिग्दर्शक बँकेत कारकून होता आणि अभिनय म्हणजे घाम, अशी त्याची ठाम समजूत होती. "कपाळ धरा! हात थरथरू द्या! आतली घालमेल दिसली पाहिजे!"

मामा म्हणाला, "कोर्टात असं कुणी करत नाही हो. आमचे साहेब अडले की चष्मा काढून पुसतात. स्वच्छ असला तरी पुसतात. मग निकाल सांगतात."

"त्यात नाट्य काय?"

"ते मला काय माहीत? पण तेवढ्या वेळात कोर्टातला पंखासुद्धा ऐकू येतो."

त्याने करून दाखवलं. तालमीत चहा पिणारे कप हातात धरून बघत राहिले. दिग्दर्शक चक्क गप्प बसला. त्याला गप्प करणं त्याच्या बायकोलाही कधी जमलं नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी मामी पडद्याच्या फटीतून डोकावली आणि धावतच आत आली. "अहो, पहिल्या रांगेत तुमचे साहेब! ते चष्म्याचं मुळीच करू नका. साहेबांची नक्कल केली म्हणून निवृत्त होता होता बोभाटा व्हायचा."

"कपाळच धरा," दिग्दर्शकाने लगेच री ओढली. मेल्याला आनंदच झाला.

मामाचा चेहरा उतरला. माणूस घाबरट आहे, हे मी प्रेमानेच सांगतो. साहेबांचा फोन आला तरी तो घरात उभा राहून बोलतो. पहिले दोन अंक त्याने कपाळ धरून काढले. न्यायाधीशाला घालमेल नसून अर्धशिशी आहे, असंच वाटत होतं.

निकालाची वेळ आली. हात कपाळाकडे निघाला आणि मध्येच थांबला. मामाने चष्मा काढला. सावकाश पुसला. विंगेत मामीने माझा दंड आवळला.

"सात वर्षं," मामा म्हणाला, आणि इतक्या हळू, की त्या गळ्यातून असा आवाज निघतो हे आम्हा घरच्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मला त्याचा फार अभिमान वाटला.

पडदा पडताच साहेब रंगपटात आले. मामा ताडकन उठला. "साहेब, चुकलं माझं."

"हे चष्म्याचं कोणत्या खटल्यात पाहिलंत?"

"गोदामाच्या पहारेकऱ्याच्या. त्याला शिक्षा सुनावण्याआधी."

"अजून लक्षात आहे?"

"बाकी सगळे कागदांत बघत होते, साहेब. मी तुमच्याकडे बघत होतो."

साहेब म्हणाले, "माझ्या जागी तुम्ही असता तर किती वर्षं दिली असती?"

मामी मागून डोळे वटारत होती. मामाने तिच्याकडे पाहिलंच नाही. "मला तर नाटकातसुद्धा देववत नव्हती, साहेब. लेखकाने लिहून दिलंय म्हणून दिली."

साहेब तिथल्याच एका मोडक्या खुर्चीवर बसले.

"मला तर कुणी लिहूनही दिलं नव्हतं," ते म्हणाले.